चावीची घड्याळं जमवणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी सकाळी भेटतो. प्रत्येक जण आपापली घड्याळं रुमालात गुंडाळून आणतो, टेबलावर मांडतो, आणि मग दोन तास एकमेकांची घड्याळं हातात घेऊन, कानाला लावून, पाठ उलटी करून बघणं चालतं. नवीन आलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात साधारण हेच प्रश्न विचारतो. दर वेळी तोंडी उत्तरं देऊन चहा गार होतो, म्हणून एकदा लिहून काढतो आहे.

मोबाइलवर वेळ दिसते. मग हे सगळं कशासाठी?

वेळ बघण्यासाठी तर नक्कीच नाही. आमच्यात कुणी ‘किती वाजले?’ असं विचारलं, तर निम्मे लोक खिशातून मोबाइलच काढतात.

सुरुवात कुठून करू?

घरातून. विकत घ्यायच्या आधी लोखंडी कपाटाचा लॉकर, शिवणयंत्राचा खण, आजोबांची पत्र्याची पेटी, एवढं उघडून बघा. मराठी घरात बंद पडलेलं घड्याळ सहसा कुणी टाकून देत नाही. ते जुन्या चष्म्यांच्या आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्यांच्या सोबतीला पडलेलं असतं.

माझ्या वडिलांचं ‘जनता’, म्हणजे एचएमटी कंपनीचं एक साधं घड्याळ, असंच एका पावडरच्या डब्यात सापडलं. पट्टा कडक होऊन तुटला होता, काचेवर इतके ओरखडे होते की काटे धुक्यातून दिसावेत तसे दिसत होते. चावी सात-आठ वेळा फिरवली तर काहीच नाही. मग तळहातावर आडवं ठेवून हलकेच गोल फिरवलं, आणि सेकंदकाटा चालू लागला. अकरा सेकंद चालला आणि थांबला. त्या अकरा सेकंदांत मी या नादाला लागलो, असं बायको सांगते.

सगळे एचएमटी, एचएमटी करतात. त्यात एवढं काय आहे?

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी कारखाना. मूळ काम लेथ आणि इतर यंत्रं बनवण्याचं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्याआधी मनगटावरचं घड्याळ म्हणजे बहुतेक परदेशी माल, एक तर महाग, नाही तर चोरट्या मार्गाने आलेला. एचएमटीने ते शिक्षकाच्या, कारकुनाच्या, एसटी कंडक्टरच्या हातावर आणलं. पुढे तुमकुरू, श्रीनगरजवळचं झैनाकोट आणि हल्द्वानीजवळचं राणीबाग इथेही कारखाने निघाले. ‘देश की धडकन’ ही त्यांची जाहिरात तेव्हा फारशी अतिशयोक्ती वाटत नसे. दहावी पास झालेल्या मुलाला एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, जावयाला एचएमटी.

मग टायटन आली. १९८७ पासून तिची सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं बाजारात दिसू लागली. ती दिसायला देखणी, चावी द्यायची कटकट नाही आणि दुकानंही चकचकीत. सरकारी कारखाना मागे पडत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. एचएमटीच्या नावाने आजही घड्याळं विकली जातात आणि बेंगळुरूत जालहळ्ळीला त्यांचं संग्रहालयही आहे. पण आम्ही ज्यांच्यामागे असतो ती घड्याळं त्या आधीच्या चाळीसेक वर्षांतली.

माझं खासगी मत विचाराल तर एचएमटीचं खरं मोठेपण तिच्या मशीनच्या साधेपणात आहे. सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात ती कृत्रिम माणकं), तासाला १८,००० ठोके देणारं, म्हणजे सेकंदाला पाच. कुठल्याही तालुक्याच्या गावातला घड्याळजी ते डोळे मिटून उघडू शकायचा. सुटे भाग एका घड्याळाचे दुसऱ्याला बसतात. स्विस घड्याळाचा एखादा दांडा मिळवण्यासाठी मी आठ महिने वाट पाहिली आहे, ‘जनता’चा दुसऱ्या दिवशी मिळाला.

जनता, पायलट, सोना, कांचन… यातलं कुठलं घ्यावं?

‘जनता’ सगळ्यात साधं: पांढरी डायल, तीन काटे, तारीख नाही, वार नाही. याच मॉडेलमध्ये देवनागरी आकड्यांची डायल येते. १ ते १२ आपले आकडे, आणि नावही देवनागरीत ‘जनता’. मराठी माणसाने एकच एचएमटी घ्यायचं तर हे घ्यावं. ‘पायलट’ काळ्या डायलचं, ठसठशीत आकड्यांचं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं. तरुण मुलांना तेच लागतं. ‘सोना’ पातळ आणि सोनेरी मुलाम्याचं, शर्टाच्या बाहीत सहज सरकणारं, लग्नाच्या सूटवरचं घड्याळ. ‘कांचन’ ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं, वार-तारीख दाखवणारं, सोनेरी आणि अंमळ भपकेबाज. ऐंशीच्या दशकातल्या सासऱ्यांचं ते आवडतं. मला ते आवडत नाही, पण आमच्यातल्या एका काकांकडे पाच आहेत आणि ते माझ्याशी अजून बोलतात.

अंध व्यक्तींसाठीही एचएमटीने घड्याळ केलं होतं. काच झाकणासारखी उघडते आणि बोटांनी काटे चाचपून वेळ कळते. हातात मिळालं तर डोळे मिटून एकदा वेळ वाचून बघा.

एचएमटीच्या आधी आपल्याकडे कोणती घड्याळं होती?

वेस्ट एंड आणि फाव्र-ल्यूबा ही दोन नावं जुन्या घरांतून पुन्हा पुन्हा निघतात. दोन्ही स्विस, पण मुंबईशी घट्ट जोडलेली. वेस्ट एंडच्या एका मॉडेलचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार, घोडदळातला. ब्रिटिश फौजेतल्या हिंदी सैनिकांच्या हातावर ही घड्याळं असत. साताऱ्या-सांगलीकडच्या फौजी घरांतून एखादं निघालं तर पाठीवर काय कोरलंय ते आधी बघा, पॉलिश मारायला देऊ नका. फाव्र-ल्यूबाचं ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ वकील, डॉक्टर, बागायतदार यांच्याकडचं. शिवाय कॅमी, टिटोनी, रोमर, सँडोझ ही मंडळी आहेतच.

गोव्याचं प्रकरण वेगळं. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगिजांचा अंमल, त्यामुळे परदेशी माल मिळणं सोपं होतं. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गातल्या घरांतून भारतात एरवी क्वचित दिसणारी घड्याळं निघतात ती त्यामुळे आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांमुळे. नंतर आखाताची लाट आली. रत्नागिरीच्या कित्येक घरांत दुबईहून किंवा मस्कतहून मामाने आणलेलं सेइको ५ किंवा सिटिझन सापडतंच.

‘मुंबई स्पेशल’ म्हणजे काय?

हा प्रश्न विचारलात म्हणजे तुम्ही एखादं घेऊन बसला आहात, असं धरून चालतो.

जगभरच्या शौकिनांनी हे नाव पाडलं आहे आणि मुंबईकराला ते ऐकायला बरं वाटत नाही. इथल्या बाजारातून निघून इंटरनेटवर जगभर विकली जाणारी, नवी रंगवलेली जुनी घड्याळं म्हणजे ‘मुंबई स्पेशल’. मशीन एका घड्याळाचं, केस म्हणजे बाहेरची डबी दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, आणि डायल कुठल्या तरी गाळ्यात ताजी रंगवलेली: निळी, नारिंगी, पोपटी. वर कंपनीचं नाव आणि हौस म्हणून ‘मिलिटरी’ वगैरे शब्द. सगळ्यात जास्त वाट्याला आलं ते सेइको ५, एचएमटी, कॅमी आणि टिटोनी यांच्या.

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. कारखान्याच्या छपाईतल्या अक्षरांना धार असते, रंगवलेल्या डायलवर अक्षरं किंचित सुजलेली आणि कडांना फुटलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा मोजा. एखादी जास्तीची निघते किंवा सहाच्या जवळ त्या एकमेकींना चिकटतात. डायल कोरी करकरीत आणि पाठ मात्र चाळीस वर्षांच्या घामाने झिजलेली, हे गणित जुळत नाही. सेइको असेल तर डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत एक कोड असतो. त्याचे सुरुवातीचे चार आकडे मशीनचे, आणि तेच चार पाठीवरही हवेत. पाठीवर शेवटी एक सिरियल नंबरही असतो. त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य आणि नोव्हेंबर-डिसेंबरला ‘एन’ आणि ‘डी’. साल एकोणऐंशी की एकोणनव्वद हे मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं.

माझं पहिलं विकत घेतलेलं ‘पायलट’ नारिंगी डायलचं होतं. एका फिरत्या विक्रेत्याने ‘साहेब, एअर फोर्सचं खास’ म्हणून दिलं. मी ते मोठ्या दिमाखात कट्ट्यावर नेलं. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनी फक्त भिंग माझ्याकडे सरकवलं आणि चहा मागवला. ‘पायलट’ या शब्दाखाली पुसलेल्या दुसऱ्या नावाची सावली दिसत होती.

तरीही त्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही. भंगारात गेलेलं मशीन त्यांनी चालतं केलं, अंगठ्याएवढ्या गोलावर हाताने छपाई केली. लबाडी सुरू होते ती ‘ओरिजिनल’ म्हणून विकताना. नारिंगी ‘पायलट’ मी अजून होळीला घालतो.

डायलवर डाग पडलेत. रंगवून घेऊ?

नको.

पण फारच खराब दिसतं…

तरी नको. रंग उडालेली, पिवळी पडलेली, कडेला चहाच्या रंगाचं वर्तुळ आलेली मूळ डायल नव्या रंगवलेल्या डायलपेक्षा आम्हाला कधीही प्यारी. केस घासता येते, काच बदलता येते, मशीन धुता येतं, पण डायल एकदा गेली की गेली. मी एकदा आजोबांचं वेस्ट एंड फक्त मशीन धुण्यासाठी एकाकडे दिलं. त्याने आपुलकीने डायलही ओल्या कापसाने पुसली. ‘वेस्ट’ राहिलं, ‘एंड’ कापसावर गेलं. तेव्हापासून घड्याळ दुरुस्तीला देताना चिठ्ठी लिहून देतो: ‘डायलला हात लावू नये.’ आणि देण्याआधी पुढून-मागून फोटो काढून ठेवतो.

पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलंय, म्हणजे पूर्ण स्टीलचं ना?

‘बॅक’ हा शब्द वाचा. पाठ तेवढी स्टीलची. बाकी केस बहुधा पितळेची, वर क्रोमचा मुलामा. पट्टा जिथे बसतो त्या चार शिंगांच्या आतल्या बाजूला घाम साचतो, तिथे मुलामा उडून पिवळं पितळ दिसू लागतं आणि खड्डे पडतात. विकत घेताना पट्टा काढून तीच जागा आधी बघायची.

चावी किती आणि केव्हा द्यायची? जास्त दिली तर तुटते का?

रोज ठराविक वेळी, सकाळी आंघोळीनंतर म्हणा. घड्याळ हातातून काढून द्यावी, हातावर असताना चावीचा दांडा तिरका ओढला जातो. पंचवीस-तीस वेढ्यांनंतर घट्ट लागतं, तिथे थांबायचं. पूर्ण चावीवर साधारण दीड दिवस चालतं. ‘चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं’ हे वाक्य प्रत्येक घरात आहे आणि जवळपास नेहमीच चुकीचं आहे. बंद पडतं ते आतलं तेल सुकल्यामुळे. पूर्ण गुंडाळलेली स्प्रिंग ओढत असते, पण चाकं हलत नाहीत.

तारखेच्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नका. तेव्हा तारखेचं चाक आतल्या दात्यांत अडकलेलं असतं. जबरदस्ती केली की दाता तुटतो.

माझं घड्याळ रोज पुढे जातं. बिघडलंय का?

रोज अर्धा मिनिट इकडे-तिकडे झालं तर चावीच्या जुन्या घड्याळाचं कौतुक करा. एकाएकी दिवसाला दहा-वीस मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर लोहचुंबक लागलं असण्याची शक्यता मोठी. मोबाइलच्या कव्हरमधलं मॅग्नेट, स्पीकर, लॅपटॉपचं झाकण. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकामुळे स्वतःला चिकटते, तिची लांबी कमी झाल्यासारखी होते आणि ठोके भराभर पडतात. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं छोटं यंत्र असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. मोबाइलवर ठोके ऐकून चाल मोजणारी ॲप्सही आहेत. वापरा, पण दर तासाला नको. त्याने घड्याळ नाही, माणूस बिघडतो.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी? आणि चांगला घड्याळजी कसा ओळखायचा?

रोज वापरत असाल तर चार-पाच वर्षांनी. ‘सतरा ज्वेल’मधले ते ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकं. चाकांचे आस त्यांच्या भोकांत फिरतात, कारण माणिक जवळपास झिजत नाही. पण भोकातलं तेल सुकलं, त्यात धूळ मिसळली, की पोलादी आस झिजतो. नुसतं वरून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. मशीन पूर्ण खोलून, धुऊन, जिथे हवं तिथेच आणि हवं तेवढंच तेल द्यावं लागतं.

चांगला घड्याळजी घड्याळ हातात घेतल्यावर आधी कानाला लावतो, मग उघडतो, आणि उघडल्यावर बोलायचं थांबतो. ‘मशीन बदलून क्वार्ट्झ टाकून देतो, कटकटच नको’ असं म्हणणाऱ्याकडून घड्याळ परत घेऊन नमस्कार करायचा. आता ही माणसं कमी झाली आहेत. पेठांत जिन्याखालच्या दीड मीटर जागेत, डोळ्याला भिंग लावून बसलेले सत्तरीचे काका दिसले तर त्यांच्याकडे घाई करू नका. ‘गुरुवारी या’ म्हणाले तर पुढच्या गुरुवारी जा.

अंधारात चमकतं ते रेडियम धोकादायक आहे का?

आपण सगळ्यालाच रेडियम म्हणतो. खरं रेडियम १९६०च्या आसपासपर्यंतच्या घड्याळांत सापडतं. नंतर त्याची जागा ट्रिटियमने आणि पुढे उजेड पिऊन चमकणाऱ्या निरुपद्रवी रंगांनी घेतली. फार जुन्या घड्याळाचे काटे तपकिरी पडले असतील तर ते उघडू नका, खरवडू तर मुळीच नका. ती भुकटी श्वासातून आत जाऊ देऊ नये.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जुनं घड्याळ जूनमध्ये आत, दसऱ्याला बाहेर. पाठीवर ‘वॉटर’ असं काहीही लिहिलेलं असलं तरी पन्नास वर्षांच्या रबराच्या वॉशरवर भरवसा ठेवू नका. डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात किंवा तांदळात ठेवायचे प्रयोग न करता त्याच दिवशी घड्याळजी गाठा. गंज रात्रीतून धरतो. मुंबई-कोकणात चामड्याचा पट्टाही महिनाभरात बुरशी धरतो, तिथे नायलॉन बरा.

घड्याळं कुठून घेता? आणि यात पैसे सुटतात का?

पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत चोर बाजार, मटण स्ट्रीट. सकाळी लवकर जायचं, आनंद चेहऱ्यावर दाखवायचा नाही, आणि भिंग खिशात असलं तरी शेवटी काढायचं. पण सगळ्यात चांगली घड्याळं नातेवाइकांकडून येतात, तीही ‘तुला हवंय तर घेऊन जा’ या भावात.

पैसे सुटण्याचं म्हणाल, तर गुंतवणूक म्हणून येणाऱ्याला आम्ही चहा पाजून म्युच्युअल फंडवाल्याकडे पाठवतो.

संग्रह दाखवायचा तर फोटो कसा काढावा?

खिडकीशी, आडव्या उजेडात, फ्लॅश बंद. काचेत स्वतःचं प्रतिबिंब येतंच. अंगात गडद शर्ट घाला, ते कमी दिसतं. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवतात, म्हणजे कंपनीचं नाव झाकलं जात नाही. पण माझ्या मते जाहिरातीतलं घड्याळ आणि चालू घड्याळ यांत फरक असावा. चालू द्या, जी वेळ असेल ती असू द्या. पाठीचा आणि मशीनचाही फोटो हवा. आणि एक फोटो मनगटावरचा, त्याशिवाय आकार कळत नाही. चाळीस घड्याळांचा ट्रे दिसतो छान, पण त्याखाली लिहायला काही नसतं. कुणाचं, कुठून आलं, पाठीवर ‘चि. सौ. कां.’ का कोरलंय, हे ज्याला सांगता येतं त्याच्या एका घड्याळापाशी सगळे थांबतात.

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्याकडे फक्त बायकांची चिमुकली घड्याळं, नखाएवढ्या डायलची. लहान म्हणून बाजारात त्यांना भाव नाही, आणि आतलं मशीन मात्र मोठ्यांपेक्षा नाजूक. त्यांनी एकदा आईचं घड्याळ आणलं होतं. चावी घासून गुळगुळीत झालेली, एकाच बाजूने. आई डावखुरी होती, म्हणाल्या.

मला यायचं आहे. काय आणू?

एकच घड्याळ, चालू असो वा बंद. रुमाल सुती हवा, टर्किशचे धागे काट्यांत अडकतात. दुसऱ्याचं घड्याळ हातात घेण्याआधी विचारायचं, टेबलाच्या कडेला ठेवायचं नाही, आणि चहाचा कप वेगळ्या टेबलावर. आमचे ज्येष्ठ काका भिंग सरकवतील. घाबरू नका, आधी डायलची छपाई बघा.